शेवटचे स्थानक आणि शहराची वेस

तंजावर जिल्ह्यातील पापनाशम या गावी भुयारी रेल्वे नाही आणि ती कधी होणारही नाही. तंजावर आणि कुंभकोणम यांच्या मधे वसलेले हे तालुक्याचे गाव. कावेरीच्या फाट्यांवर पोसलेली भातशेती, नायक राजांच्या काळातील विटांचे एक प्रचंड धान्यकोठार, कर्नाटक संगीतातील रचनाकार पापनाशम शिवन यांच्या नावाशी जोडली गेलेली कीर्ती, आणि पूर्वी मीटर गेजची असलेली व आता रुंद झालेली रेल्वेची वाट, एवढी त्याची बाहेरच्या जगाला ओळख. तरीही एखाद्या महानगरातील मेट्रो नीट आखली गेली आहे की नाही हे तपासायचे असेल, तर ते पापनाशमसारख्या गावातून निघालेल्या प्रवाशाच्या दृष्टीने तपासावे, असे माझे मत झाले आहे. हा प्रवासी दवाखान्यासाठी, कोर्टाच्या तारखेसाठी, मुलाच्या प्रवेशासाठी किंवा नोकरीच्या मुलाखतीसाठी चेन्नईला जातो. त्याची मेट्रोशी गाठ पडते ती शहराच्या मध्यावर नव्हे, शहराच्या कडेला. ती तेथे पडते की नाही, हाच खरा प्रश्न आहे.

सरकारी नोकरीत बदल्या आणि दौरे अटळ असतात. मी गेली काही वर्षे एक सवय लावून घेतली आहे. ज्या शहरात मेट्रो आहे तेथे काम संपले की एखादी गाडी पकडून थेट शेवटच्या स्थानकापर्यंत जायचे, बाहेर पडायचे आणि अर्धा तास पायी हिंडायचे. उद्घाटनाच्या फिती बहुधा मध्यवर्ती स्थानकांवर कापल्या जातात, छायाचित्रेही तेथलीच छापून येतात. पण यंत्रणेचे खरे रूप दिसते ते तिचा अधिकार जेथे संपतो तेथे. ज्याने तालुका पातळीवर काम केले आहे त्याला हे वेगळे सांगायला नको. जिल्ह्याच्या मुख्यालयातील रस्ता पाहून जिल्ह्याचा कारभार कळत नाही. तो जिल्ह्याच्या हद्दीवरच्या शेवटच्या गावात कळतो.

भुयारी रेल्वे शेवटी जमिनीवर का येते?

शेवटची स्थानके पाहू लागल्यावर पहिली गोष्ट लक्षात येते ती अशी की, भुयारी म्हणवणाऱ्या रेल्वेची टोके बहुधा भुयारात नसतात. लंडनच्या जाळ्याचे नावच 'अंडरग्राउंड', पण त्याचा निम्म्याहून अधिक भाग उघड्यावर आहे. कोलकात्याची भारतातील पहिली मेट्रो १९८४ साली सुरू झाली आणि १९९५ साली दमदम ते टॉलीगंज अशी पूर्ण झाली. मधला सारा मार्ग भुयारी, पण दोन्ही टोके उजेडात. मुंबईच्या मेट्रो ३ वर सत्तावीस स्थानके आहेत, त्यांतील सव्वीस भुयारी आहेत. जमिनीवर असलेले एकमेव स्थानक म्हणजे उत्तर टोकाचे आरे.

याची कारणे सरळ आहेत. गाड्या रात्री उभ्या करायला, धुवायला, दुरुस्त करायला कारशेड लागते आणि त्यासाठी विस्तीर्ण जागा लागते. ती शहराच्या पोटात मिळत नाही. दुसरे कारण पैशाचे. भुयारी मार्गाचा खर्च उन्नत मार्गाच्या साधारण दुपटी-तिपटीने असतो, म्हणून जेथे जागा मोकळी होते तेथे मार्ग वर येतो. तिसरे कारण तांत्रिक. शेवटच्या स्थानकावर गाडी उलट फिरवण्यासाठी रूळ बदलण्याची सोय लागते आणि त्या उलटण्याला जितका वेळ लागतो त्यावर संपूर्ण मार्गावर किती गाड्या सोडता येतील हे ठरते. कोलकात्याने याचा धडा अलीकडेच घेतला. जुलै २०२५ मध्ये कवी सुभाष या दक्षिण टोकाच्या स्थानकाच्या खांबांना तडे गेल्याचे आढळले आणि ते प्रवाशांसाठी बंद करावे लागले. त्याच्या अलीकडील स्थानकावर गाडी उलटवण्याची सोय नव्हती, त्यामुळे संपूर्ण मार्गाचे वेळापत्रक विस्कळीत झाले. एक टोक आजारी पडले की साऱ्या शरीराला ताप येतो.

म्हणजे अभियंत्यांनी टोकांचा विचार केलेला असतो, कारण टोकाशिवाय त्यांची गाडीच चालत नाही. मात्र हा विचार गाडीच्या सोयीचा असतो. गाडी येथे उलटते आणि परत जाते. प्रवासी मात्र उलटत नाही; त्याला पुढे जायचे असते. त्याचा विचार कोणी करायचा, हे आपल्या प्रशासकीय रचनेत ठरलेले नाही.

चेन्नईची चार टोके

चेन्नई मेट्रोचा पहिला टुकडा कोयंबेडू ते अलंदूर असा २९ जून २०१५ रोजी सुरू झाला आणि तो उन्नत होता. भुयारी भाग मे २०१७ मध्ये सुरू झाला. आज पहिल्या टप्प्याचे दोन मार्ग मिळून सुमारे ५४ किलोमीटर होतात आणि त्यांना चार टोके आहेत.

पहिले टोक सेंट्रल. हेच चारांतील एकमेव भुयारी टोक. येथे एक मार्ग संपतो आणि दुसरा आरपार जातो; वरती देशाच्या उत्तरेकडून येणाऱ्या गाड्यांचे मोठे रेल्वे स्थानक आहे आणि रस्त्यापलीकडे उपनगरी गाड्या आहेत. येथे उतरलेल्या माणसाला पुढचे वाहन शोधावे लागत नाही. शेवटचे स्थानक कसे असावे याचा हा नमुना आहे, पण तो शहराच्या मध्यावर आहे म्हणून साधला आहे.

दुसरे टोक उत्तरेचे, विमको नगर डेपो. मुंबईकर आणि विशेषतः अंबरनाथकर वाचकांना हे नाव वाचून ओळखीचे वाटेल. 'वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी' या आगपेट्यांच्या कंपनीचे ते आद्याक्षरी नाव. तिचा एक कारखाना अंबरनाथला होता आणि एक येथे तिरुवोट्रियूरला. मूळ आराखड्यात हा मार्ग वॉशरमनपेटलाच थांबत होता. त्यापुढे कामगारांच्या जुन्या, दाट वस्त्या सुरू होतात, आणि मेट्रो नेमकी त्यांच्या उंबरठ्यावर थांबवली गेली होती. पुढे सुमारे ३,७७० कोटी रुपये खर्चाचा नऊ किलोमीटरचा वाढीव मार्ग मंजूर झाला आणि तो फेब्रुवारी २०२१ मध्ये सुरू झाला. ज्यांना स्वस्त आणि भरवशाच्या वाहनाची सर्वाधिक गरज होती त्यांना ते पहिल्या गाडीनंतर साडेपाच वर्षांनी मिळाले.

तिसरे टोक सेंट थॉमस माउंट. येथे मेट्रो, उपनगरी रेल्वे आणि वेळाचेरीकडून येणारी शहरांतर्गत उन्नत रेल्वे, अशा तीन यंत्रणा एकाच जागी आणायच्या असे ठरले. कल्पना उत्तमच होती. मेट्रो २०१६ साली पोहोचली. वेळाचेरीपर्यंत उन्नत रेल्वे २००७ सालीच आली होती आणि उरलेल्या पाच किलोमीटरचे काम २००८ साली हाती घेतले गेले. त्यातील जेमतेम अर्ध्या किलोमीटरच्या जमिनीचा वाद वर्षानुवर्षे चालला आणि २०२४ साल संपले तरी त्या पाच किलोमीटरवर गाडी धावली नव्हती. अर्ध्या किलोमीटरने साडेचार किलोमीटरला दीड दशक ओलीस ठेवले. भूसंपादन आधी आणि निविदा नंतर, हा साधा क्रम पाळला असता तर एवढे भांडवल निकामी पडून राहिले नसते. अर्थशास्त्रात गुंतवणुकीचा परतावा वर्षांवर मोजतात. जो खांब पंधरा वर्षे गाडीची वाट पाहतो त्याचा परतावा कोणत्याही सूत्रात बसत नाही.

चौथे टोक विमानतळ. २०१६ पासून मेट्रो तेथपर्यंत जाते. पापनाशमच्या प्रवाशाची गोष्ट येथून सुरू होते.

बसस्थानक पुढे गेले, मेट्रो मागे राहिली

दक्षिणेकडील जिल्ह्यांतून चेन्नईला येण्याचे दोन मार्ग. रेल्वेने आल्यास तांबरम किंवा एग्मोर. एग्मोरला २०१८ पासून भुयारी मेट्रो आहे, तेव्हा तो प्रश्न बऱ्यापैकी सुटलेला आहे. पण रेल्वेला आरक्षण लागते आणि गाड्या मोजक्या. ऐनवेळी निघणारा माणूस बसने येतो. ही बस पूर्वी कोयंबेडूला येत असे. कोयंबेडूचे भव्य बसस्थानक २००२ साली सुरू झाले आणि २०१५ साली मेट्रोच्या अगदी पहिल्या टुकड्यात त्याच्या दारात स्थानक देण्यात आले. बसमधून उतरा, मेट्रोत बसा. याला नियोजन म्हणतात.

पुढे शहर वाढले, कोयंबेडूची कोंडी असह्य झाली आणि दक्षिणेकडील बसगाड्या शहराबाहेर थांबवण्याचा निर्णय झाला. वंडलूरजवळ किलांबाक्कम येथे सुमारे ८८ एकरांवर नवे बसस्थानक उभारले गेले. ३० डिसेंबर २०२३ रोजी त्याचे उद्घाटन झाले आणि पुढील महिन्याभरात दक्षिणेच्या बहुतेक गाड्या तेथे वळवल्या गेल्या. निर्णयामागचा हेतू मी चूक मानत नाही. दूरच्या गाड्यांनी शहराच्या मध्यात का यावे? पण उद्घाटनाच्या दिवशी तेथे मेट्रो नव्हती आणि उपनगरी रेल्वेचे स्थानकही नव्हते, रूळ समोरून जात असताना नव्हते. मेट्रोचे टोक सुमारे साडेपंधरा किलोमीटर मागे, विमानतळावर. विमानतळ ते किलांबाक्कम या वाढीव मार्गाच्या सुमारे ९,३०० कोटी रुपयांच्या प्रस्तावाला राज्य सरकारने २०२५ साली मान्यता दिली. म्हणजे बसस्थानक हलवल्यानंतर दीड वर्षांनी मेट्रोचा केवळ प्रस्ताव पुढे सरकला. प्रत्यक्ष गाडी त्यानंतर कित्येक वर्षांनी.

एकीकडे बसस्थानकाच्या दारात मेट्रो आणायची आणि आठ वर्षांनी बसस्थानकच उचलून न्यायचे, हे दोन्ही निर्णय आपापल्या जागी समर्थनीय आहेत. दोघांनाही आपापल्या फायलीत निर्दोष ठरवता येईल. दोष आहे तो दोन फायलींच्या मधल्या रिकाम्या जागेत. आणि त्या रिकाम्या जागेत भल्या पहाटे गाठोडे घेऊन उभा असतो तो पापनाशमचा माणूस.

शहराच्या वेशी आणि सरकारांच्या हद्दी

पूर्वी गावाला वेस असे. वेशीवर चौकीदार असे, जकात असे, आणि बाहेर वाटसरूसाठी विहीर व धर्मशाळाही असे. मेट्रोचे शेवटचे स्थानक ही आजच्या शहराची वेस आहे. ती कोठे पडते हे अनेकदा भूगोल ठरवत नाही, हद्द ठरवते.

पॅरिसचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. तेथील पहिला मार्ग १९ जुलै १९०० रोजी सुरू झाला तो पोर्त द व्हॅन्सेन ते पोर्त मायो असा. 'पोर्त' म्हणजे दरवाजा; दोन्ही टोके शहराच्या तटाच्या दरवाजांवर. मेट्रो नगरपालिकेची होती, मुख्य रेल्वे कंपन्यांशी तिचे सख्य नव्हते, म्हणून ती जाणूनबुजून शहराच्या आतच फिरवली गेली. तटाबाहेर ती पहिल्यांदा गेली १९३४ साली. तोपर्यंत तटही पाडला गेला होता. मनातला तट मात्र टिकला होता. उलट लंडनच्या मेट्रोपॉलिटन रेल्वेने १८६३ साली जगातील पहिला भुयारी मार्ग सुरू केला आणि पुढे ती थेट ग्रामीण भागात, शहरापासून सुमारे ऐंशी किलोमीटरवरील व्हर्नी जंक्शनपर्यंत गेली. तिला आपल्या मार्गालगतची जादा जमीन जवळ ठेवण्याची मुभा होती. त्या जमिनीवर तिने घरे बांधून विकली. व्हर्नी जंक्शनची प्रवासी वाहतूक १९३६ साली बंद झाली. म्हणजे टोक फार अलीकडे ठेवणे जसे महागात पडते तसे फार पलीकडे नेणेही.

आपल्याकडे दिल्लीने हद्दीचा प्रश्न तुलनेने लवकर सोडवला. मेट्रो २००९ साली नोएडात, २०१० साली गुडगावात गेली, दोन वेगवेगळ्या राज्यांत. त्या त्या राज्याने आपल्या हद्दीतील खर्चाचा वाटा उचलावा असे ठरले, आणि ते निभले. खर्च कोणी करायचा हे आधी ठरले तर राज्याची सीमा ओलांडता येते. ते ठरले नाही तर एकाच राज्यातील दोन खात्यांमधील रस्ताही ओलांडता येत नाही.

मुंबईची गोष्ट आणखी वेगळी. ऑक्टोबर २०२५ मध्ये मेट्रो ३ कफ परेडपर्यंत पूर्ण झाली. अनेकांना ती दक्षिण मुंबईत रेल्वेचे नवे आगमन वाटली. वस्तुतः तेथे रेल्वे होती. बी.बी.सी.आय. रेल्वेचे टर्मिनस कुलाब्याला होते. ते १९३० च्या अखेरीस बंद झाले आणि चर्चगेट हे शेवटचे स्थानक बनले. जवळपास पंचाण्णव वर्षांनी चर्चगेटच्या दक्षिणेला पुन्हा रेल्वे गेली, या खेपेस जमिनीखालून. साडेतेहतीस किलोमीटरसाठी ३७,२७६ कोटी, म्हणजे किलोमीटरला अकराशे कोटींहून अधिक. एकदा उचललेले टोक परत टेकवायला किती किंमत पडते, याचा हिशेब यातून मिळतो. पुण्यातही स्वारगेटचे भुयारी स्थानक सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू होण्याच्या महिनाभर आधीच त्यापुढील कात्रजपर्यंतच्या ५.४६ किलोमीटर भुयारी मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे २,९५४ कोटी रुपयांची मंजुरी दिली. स्वारगेट एस.टी. स्थानकाच्या शेजारी आहे, ही त्याची जमेची बाजू. कात्रजला टोक गेल्यावर तेथे कोणती बस, कोणता रस्ता, कोणती जागा त्याची वाट पाहत असेल, हे आजच विचारायला हवे.

शेवटच्या तीन किलोमीटरचे अर्थशास्त्र

कोणी म्हणेल, टोक कोठेतरी असणारच. मार्ग कितीही वाढवला तरी त्याच्या पलीकडे कोणीतरी राहीलच. मग प्रत्येक टोकाची तक्रार ऐकून मेट्रो रामेश्वरपर्यंत न्यायची काय? आक्षेप रास्त आहे. शहराच्या कडेला वस्ती विरळ, प्रवासी कमी, आणि तोच पैसा मध्यवर्ती दाट वस्तीत घातला तर अधिक लोकांना लाभ होतो, हेही खरे. शिवाय मेट्रो पुढे सरकली की जमिनीचे भाव तिच्या पुढे धावतात आणि ज्यांच्यासाठी मार्ग वाढवला ते भाडे परवडेनासे होऊन आणखी दूर फेकले जातात.

म्हणूनच माझा आग्रह मार्ग वाढवण्याचा नाही. टोक सांभाळण्याचा आहे. एक हिशेब करून पाहू. मानू या, एका महिलेचे घर शेवटच्या स्थानकापासून तीन किलोमीटरवर आहे. वीस किलोमीटर मेट्रोसाठी तिला पन्नास रुपये लागतात (चेन्नईत कमाल भाडे एवढेच आहे) आणि तीन किलोमीटरच्या रिक्षासाठी ऐंशी. म्हणजे तेवीस किलोमीटरच्या प्रवासातील तीन किलोमीटरवर साठ टक्क्यांहून अधिक पैसे जातात. वाट पाहण्याचा वेळ वेगळाच. अंधारात, पाऊस चालू असताना, रिक्षावाल्याशी घासाघीस करत घालवलेली पंधरा मिनिटे ही वातानुकूलित डब्यात बसून घालवलेल्या पंधरा मिनिटांइतकी नसतात. वाहतुकीचे अर्थशास्त्र प्रतीक्षेच्या आणि बदलाच्या वेळेला प्रवासाच्या वेळेपेक्षा अधिक वजन देते ते याच कारणाने. अशी महिला काही दिवस मेट्रो वापरते आणि मग कर्ज काढून स्कूटर घेते. त्यानंतर तिला परत आणणे अवघड असते.

मधल्या स्थानकाचे प्रभावक्षेत्र शेजारच्या दोन स्थानकांत वाटले जाते. शेवटच्या स्थानकापलीकडे कोणी वाटेकरी नाही. त्याचे क्षेत्र पुढे दहा-पंधरा किलोमीटरपर्यंत पसरते. म्हणून तेथील बस, पदपथ आणि वाहनतळ यांवरील प्रत्येक रुपया अधिक प्रवासी आणतो. किलांबाक्कमच्या प्रस्तावात एका किलोमीटरला सुमारे सहाशे कोटी पडतात. तेवढ्यात शेकडो बसगाड्या येतात. मेट्रो नको असा याचा अर्थ नाही. मेट्रो येईपर्यंत प्रवाशाला वाऱ्यावर सोडण्याचे समर्थन पैशाअभावी करता येत नाही, असा आहे.

धोरण कागदावर आहे. केंद्राच्या २०१७ च्या मेट्रो रेल धोरणाने केवळ आर्थिक परताव्याऐवजी समाजाला मिळणाऱ्या एकूण लाभाचा, चौदा टक्के आर्थिक परतावा दराचा, निकष घातला. स्थानकाच्या दोन्ही बाजूंना पाच किलोमीटरपर्यंत जोडसेवा देण्याची हमी प्रकल्प अहवालात मागितली. शहरासाठी एकीकृत वाहतूक प्राधिकरण असावे असेही सांगितले. तामिळनाडूने असे प्राधिकरण स्थापण्याचा कायदा २०१० सालीच केला. प्राधिकरणाची पहिली बैठक झाली २०२२ साली. २०२५ साली बस, मेट्रो आणि उपनगरी रेल्वे यांचे एकत्र तिकीट देणारे 'चेन्नई वन' हे मोबाइल अॅप आले, हे चांगले पाऊल आहे. मात्र तिकीट एकत्र झाले म्हणजे वेळापत्रक एकत्र झाले असे नाही.

छत्रांची आठवण

तंजावरात बसून हे लिहिताना येथील एका जुन्या व्यवस्थेची आठवण ठेवणे योग्य होईल, आणि महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपणा मराठी माणसांना ती जवळची वाटेल. सतराव्या शतकाच्या अखेरच्या चतुर्थकापासून १८५५ पर्यंत येथे भोसल्यांचे राज्य होते. या राजांनी रामेश्वरच्या वाटेवर छत्रे बांधली. ओरत्तनाडचे मुक्तांबाळ छत्र सरफोजीराजांनी १८०० च्या सुमारास उभारले. काशीकडून, देशावरून, आंध्रातून येणारा यात्रेकरू तेथे उतरे, जेवे, विश्रांती घेई. इंग्रजांनी राज्याचा कारभार आपल्याकडे घेतला तेव्हा सरफोजीराजांनी १८०१ साली इंग्रज रेसिडेंटला पत्र लिहून या छत्रांना हात लावू नये अशी विनंती केली. त्यात छत्रे काय करतात हे तपशिलाने सांगितले होते: अन्नदान, आजारी वाटसरूंवर वैद्यांकडून उपचार, अनाथ मुलांचे शिक्षण. राज्य हातचे जात असताना राजाने ज्या थोड्या गोष्टींसाठी शब्द टाकला त्यांत वाटसरूची सोय होती.

हे सांगण्यामागे 'जुने ते सोने' म्हणण्याचा हेतू नाही. त्या व्यवस्थेतही जातिभेद होते, आणि आजच्या वाहतुकीचा पसारा तिला पेलला नसता. पण तीत एक तत्त्व होते. मुक्काम कोठे तुटतो हे पाहून सोय तेथे केली जाई. प्रवासाचा जोड हा राज्याच्या जबाबदारीचा भाग मानला जाई. आज आपण मार्ग बांधतो आणि जोड नशिबावर सोडतो.

काय करता येईल?

केवळ टीका करून थांबणे प्रशासनात असलेल्या माणसाला शोभत नाही. पुढील पाच गोष्टींना नवा कायदा लागत नाही, मोठा निधीही लागत नाही.

एक, प्रत्येक अंतिम स्थानकासाठी एक जबाबदार अधिकारी नेमावा. स्थानकाभोवतीच्या पाचशे मीटरमधील पदपथ, दिवे, बसथांबा, रिक्षातळ आणि शौचालय यांसाठी त्यालाच विचारता यावे. आज दाराच्या आत मेट्रो, दाराबाहेर महापालिका, रस्ता महामार्ग खात्याचा आणि बस चौथ्याची, अशी स्थिती आहे.

दोन, पहिल्या गाडीच्या आधी आणि शेवटच्या गाडीनंतर जोडबस असलीच पाहिजे. शेवटची मेट्रो येण्यापूर्वी शेवटची बस निघून जाते ही तक्रार कोणत्याही टोकाला ऐकायला मिळते.

तीन, कोणतेही बाहेरगावचे बसस्थानक हलवण्याच्या आदेशात जोडसेवा सुरू झाल्याचे प्रमाणपत्र ही पूर्वअट असावी. इमारत तयार झाली म्हणजे स्थानक तयार झाले असे मानू नये.

चार, मार्ग जाहीर होण्यापूर्वी टोकाभोवतीची सरकारी जमीन राखून ठेवावी आणि खासगी जमिनीच्या वाढीव मूल्याचा काही वाटा तेथील स्वस्त घरांसाठी व जोडसेवेसाठी बांधून घ्यावा. भाव वाढल्यावर भूसंपादन करणे म्हणजे स्वतःच पेटवलेल्या आगीसाठी पाणी विकत घेणे.

पाच, प्रत्येक मेट्रो कंपनीने दरवर्षी आपल्या टोकांचा स्वतंत्र अहवाल द्यावा: किती प्रवासी उतरले, पुढे कशाने गेले, त्यांना सरासरी किती वेळ आणि किती पैसे लागले. जे मोजले जात नाही ते सुधारत नाही.

चेन्नईचा सुमारे ११९ किलोमीटरचा आणि ६३,२४६ कोटी रुपयांचा दुसरा टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्राने मंजूर केला. त्यातून माधवरम, सिपकॉट, शोलिंगनल्लूर, पूनमल्ली, लाइटहाउस अशी नवी टोके निर्माण होत आहेत. पुणे, मुंबई, नागपूर, बेंगळुरू, हैदराबाद येथेही मार्ग वाढत आहेत. आपल्यापैकी अनेकजण परप्रांतात, परदेशांत अशाच कुठल्यातरी टोकाला घर करून राहतात, कारण नव्याने आलेल्या माणसाला शहर आपल्या कडेलाच जागा देते. तेथील कारभार कसा आहे हे आपल्याइतके कोणाला ठाऊक असणार? आपापल्या शहरातील शेवटचे स्थानक एकदा डोळसपणे पाहावे, तेथून पुढच्या तीन किलोमीटरचा वेळ आणि खर्च लिहून काढावा आणि तो संबंधित यंत्रणेकडे लेखी पाठवावा. तक्रार म्हणून नव्हे, माहिती म्हणून. सरकारी कार्यालयात भावनेला पोच मिळत नाही, पण आकड्यांना फाईल क्रमांक द्यावाच लागतो.